नाकारलेली जोडणी : ६१, ७९, १११ की १४६?

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावे सह्याद्रीच्या कड्याला लागून आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातला सर्वांत जोरदार पाऊस याच पट्ट्यात पडतो. भंडारदरा आणि त्याच्या खालचे निळवंडे ही धरणे कधी भरतील, याचा अंदाजही याच पावसावरून बांधला जातो. समजा, घाटघरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला आहे. त्याच्या पेटीत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक आहे. अकोल्यातल्या कार्यालयात एक मॅक दर पंधरा मिनिटांनी त्या पेटीशी जोडणी करून पावसाचा आकडा मागवतो. जोडणी झाली नाही, तर कारणाचा क्रमांक नोंदवून पुढे पाठवतो. त्या नोंदी वाचून अहवाल बनवणारा सर्व्हर लिनक्सचा आहे.

एका रात्री पेटीतला, आकडे देणारा प्रोग्रॅम बंद पडतो. मॅकला उत्तर मिळते, 'जोडणी नाकारली'. मॅकवर या कारणाचा क्रमांक ६१ आहे. तो इमानाने ६१ पाठवतो. लिनक्सचा सर्व्हर ६१ चा अर्थ स्वतःच्या यादीत शोधतो आणि अहवालात छापतो, 'माहिती उपलब्ध नाही'. अहवाल वाचणाऱ्याला वाटते की पर्जन्यमापकाने पाऊस मोजलाच नाही. सकाळी माणूस पर्जन्यमापकाचे भांडे साफ करायला घाट चढून जातो. खरे तर पेटी चालू होती, नेटवर्क चालू होते, फक्त एक प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा होता. तेवढे काम अकोल्यात बसून झाले असते.

हा प्रसंग कल्पित आहे, क्रमांक खरे आहेत. एका युनिक्ससाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या युनिक्सवर नेताना, किंवा दोन वेगळ्या युनिक्सना एकमेकांशी बोलायला लावताना, नेटवर्कच्या एरर कोडमुळे नेमकी अशी फसगत होते.

क्रमांक येतो कुठून?

युनिक्समध्ये प्रोग्रॅम स्वतः नेटवर्कला हात लावत नाही. तो कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागणी करतो : अमुक पत्त्यावर जोडणी करून दे. काम झाले नाही तर प्रोग्रॅमला सहसा उणे एक परत मिळतो आणि कारणाचा क्रमांक 'एरनो' नावाच्या जागी सापडतो. प्रत्येक क्रमांकाला एक नावही असते. जोडणी नाकारली तर 'ईकॉनरिफ्यूज्ड', उत्तराची वाट पाहून वेळ संपली तर 'ईटाइम्डआउट', वाटच सापडली नाही तर 'ईहोस्टअनरीच'. सी भाषेतला प्रोग्रॅम एका विशिष्ट यंत्रासाठी तयार होतो, तेव्हा कंपायलर ही नावे काढून त्या यंत्रावरचे आकडे बसवतो.

या तीन नावांतला फरक आपल्या पर्जन्यमापकासाठी फार कामाचा आहे. 'नाकारली' याचा अर्थ बहुतेक वेळा असा की पेटीपर्यंत निरोप पोचला, पेटीतून उत्तरही आले, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी नव्हते. 'वेळ संपली' म्हणजे कुठूनच उत्तर नाही : वीज गेली असेल, मोबाइलचा टॉवर बंद असेल, किंवा मधली फायरवॉल निरोप गुपचूप टाकून देत असेल. 'वाट नाही' म्हणजे बहुधा मधल्या एखाद्या राउटरने सांगितले की पुढे जायला मार्ग नाही. पहिल्या वेळी प्रोग्रॅमकडे बघायचे, दुसऱ्या वेळी विजेकडे आणि टॉवरकडे, तिसऱ्या वेळी मधल्या राउटरकडे. कारण चुकीचे कळले तर माणूस चुकीच्या ठिकाणी जातो.

चौतीसपर्यंत एकी

युनिक्सची सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ साली झाली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत एरर कोडची यादी ३४ पर्यंत होती. २ म्हणजे फाइल सापडली नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्कवर जागा उरली नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या युनिक्सनी ही यादी तशीच उचलली, म्हणून हे आकडे आजही बहुतेक सगळीकडे सारखे दिसतात. या यादीत नेटवर्क मात्र नव्हते.

नेटवर्क आले ते १९८३ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून. तिथल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीने सॉकेट ही पद्धत आणली आणि तिच्या चुकांना ३५ पासून पुढचे आकडे दिले. वेळ संपली ६०, नाकारली ६१, वाट नाही ६५. मॅक आणि फ्रीबीएसडी याच घराण्यातले, म्हणून त्यांच्याकडे आजही हेच आकडे आहेत.

तिकडे एटी अँड टीने सिस्टिम फाइव्ह या आपल्या युनिक्समध्ये ३५ पासूनचे आकडे दुसऱ्याच कामांना वाटून टाकले होते. पुढे त्यांनाही सॉकेट घ्यावे लागले, तेव्हा त्यांनी नेटवर्कच्या चुका वरच्या मोकळ्या आकड्यांवर बसवल्या. त्या वंशातल्या सोलारिसमध्ये 'नाकारली' झाले १४६. एचपी-यूएक्समध्ये २३९. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ७९. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सने आपल्या यादीत त्याला १११ वर बसवले. विंडोज युनिक्स नाही, तरी तिच्या सॉकेटने बर्कलीच्या आकड्यांत सरळ दहा हजार मिळवले. तिथे नाकारलेली जोडणी १००६१ आहे.

आता मॅकचे आकडे लिनक्सच्या यादीत शोधून बघा. ६१ चा अर्थ 'माहिती उपलब्ध नाही', ६५ चा 'पॅकेज बसवलेले नाही', ६० चा 'हे उपकरण स्ट्रीम नाही'. उलट लिनक्सचा १११ मॅकला दिला तर त्याच्या यादीत तो आकडाच नाही. आकडा अनोळखी निघाला तर निदान शंका येते. खरा धोका आहे तो ओळखीचा वाटून भलताच अर्थ सांगणाऱ्या आकड्याचा.

पहिल्या चौतिसांतही एक खड्डा आहे. लिनक्समध्ये ११ म्हणजे 'आत्ता नाही, पुन्हा प्रयत्न करा' आणि ३५ म्हणजे 'कुलपांचा तिढा, पुढे जाता येत नाही'. मॅक आणि फ्रीबीएसडीत याच दोन अर्थांची अदलाबदल झालेली आहे : तिथे ३५ म्हणजे पुन्हा प्रयत्न करा आणि ११ म्हणजे तिढा. प्रोग्रॅममध्ये कोणी नावाऐवजी ११ हा आकडाच लिहून ठेवला असेल, तर मॅकवर गेल्यावर तो किरकोळ अडचणीला घाबरेल आणि खऱ्या तिढ्यात पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसेल.

सातबाऱ्याशी काम पडलेल्या माणसाला हे पटकन कळेल. गट नंबर १११ राजूरलाही असू शकतो आणि कोतूळलाही. गावाचे नाव नसेल तर नुसत्या नंबरावरून तलाठी उतारा देऊ शकत नाही. एरर कोडचेही तसेच आहे : कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि कोणत्या यंत्रावरचा, हे सोबत नसेल तर आकडा निरुपयोगी.

सी-डॅकचे तीन परम

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पुढच्या परम संगणकांच्या पोटात काय होते ते बघण्यासारखे आहे. १९९८ चा परम १०००० सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर उभा होता आणि त्यावर सोलारिस चालत असे. त्यानंतर सी-डॅकच्या बंगळुरू केंद्रात आलेला परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ प्रोसेसरचा, एआयएक्सवर चालणारा. २००८ मध्ये पुण्यात आलेला परम युवा इंटेलच्या प्रोसेसरचा आणि लिनक्सचा.

दहा वर्षांत तीन युनिक्स झाले. एकच सी प्रोग्रॅम या तिन्हींवर नेला, तर नाकारलेली जोडणी त्याला आधी १४६, मग ७९ आणि मग १११ अशी भेटणार. हवामानाचे गणित करणाऱ्या प्रोग्रॅमला याची झळ फारशी बसत नाही, तो गुणाकार-बेरजांत गुंतलेला असतो. झळ बसते ती संगणकासंगणकांत निरोप नेणाऱ्या, फाइली हलवणाऱ्या आणि कामे वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमना. ज्याने नावे वापरली, त्याला नव्या यंत्रावर फक्त पुन्हा कंपाइल करावे लागते. ज्याने आकडे लिहिले, त्याला एकेक ओळ शोधत बसावे लागते.

सगळीकडे लिनक्स आले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. लिनक्स काही जुन्या प्रोसेसरांवर नेले, तेव्हा त्या यंत्रांवर आधीपासून असलेल्या युनिक्सचे आकडे ठेवले गेले. म्हणून इंटेल आणि एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये 'नाकारली' १११ आहे, पण मिप्स प्रोसेसरवर १४६, स्पार्कवर ६१ आणि पीए-रिस्कवर २३९. स्पार्क आणि पीए-रिस्क आता संग्रहात गेले असे म्हणता येईल. मिप्स मात्र कितीतरी स्वस्त वाय-फाय राउटरांत बसलेला आहे. घाटघरच्या पेटीत एआरएम असेल आणि तिच्या शेजारचा राउटर मिप्सचा असेल, तर दोन्हीकडे लिनक्स असूनही आकडे जुळणार नाहीत.

नाव एक, वागणे वेगळे

मग नेहमी नावेच वापरावीत, हा पहिला नियम झाला. १९८८ पासूनच्या पॉसिक्स या मानकाचीही हीच भूमिका आहे. ते नावे आणि त्यांचे अर्थ ठरवून देते, आकडे ज्याचे त्याच्यावर सोडते. पण नावावर थांबून भागत नाही.

पहिली अडचण जुळ्या नावांची. 'ईअगेन' आणि 'ईवुडब्लॉक' ही दोन नावे एकाच आकड्याची असली तरी चालतील, वेगळ्या आकड्यांची असली तरी चालतील, असे पॉसिक्स म्हणते. आज बहुतेक ठिकाणी ती एक आहेत, पीए-रिस्कवरच्या लिनक्समध्ये दोन होती. म्हणून तपासताना दोन्ही नावे विचारावी लागतात. पण सी भाषेच्या स्विचमध्ये ती दोन वेगळ्या केस म्हणून लिहिली, तर आकडा एकच असलेल्या यंत्रावर कंपायलर अडून बसतो. अशा वेळी साधी इफची अट बरी.

दुसरी अडचण अशी की एकाच प्रसंगाला वेगवेगळे युनिक्स वेगळे नाव देतात. ग्राहकाने जोडणी मागितली आणि सर्व्हरने ती स्वीकारण्याआधीच ग्राहकानेच ती तोडली, तर पॉसिक्सनुसार 'ईकॉनअबॉर्टेड' यायला हवे. सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीत त्या जागी 'ईप्रोटो' येत असे, आणि बर्कलीच्या वंशातले कर्नल तो प्रसंग प्रोग्रॅमला न कळवता परस्पर मिटवत. लिनक्स आणखी पुढे जाते : नव्या जोडणीवर आधीच आलेली नेटवर्कची चूक ते स्वीकारण्याच्या मागणीवरच परत देते. अशा चुका आल्या तर पुन्हा प्रयत्न करा, असे लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. हे न वाचता बीएसडीवरून आणलेला सर्व्हर एका ग्राहकाच्या तुटलेल्या जोडणीमुळे स्वतःच बंद पडू शकतो.

यूडीपीतही तसेच. उत्तराची हमी न देणाऱ्या या पद्धतीत, जोडणी न बांधलेल्या सॉकेटवर बीएसडी सहसा चूक कळवत नाही, लिनक्स गंभीर चुका कळवते. पाठवण्याची रांग भरली तर बीएसडी 'ईनोबफ्स' देते, लिनक्स बहुतेक वेळा ते पॅकेट मुकाट्याने टाकून देते. मॅकवर तर समोरचा सॉकेट बंद होत असतानाच लिहायला गेलात, तर कधी कधी 'ईप्रोटोटाइप' असे भलतेच नाव येते. नोड-जेएसच्या पायाशी असलेल्या लिबयूव्ही या लायब्ररीत त्यासाठी खास वाट केलेली आहे : पुन्हा लिहून बघा, म्हणजे अपेक्षित 'ईपाइप' येईल.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. नाव तेच, प्रसंग तोच, पण करायचे काम उलट. फाइल किंवा सॉकेट बंद करताना मध्येच संकेत, म्हणजे सिग्नल, आला तर 'ईइंटर' मिळते. एचपी-यूएक्सवर अशा वेळी फाइल उघडीच राहते, म्हणून पुन्हा बंद करावी लागते. लिनक्सवर ती तोपर्यंत सुटलेली असते. पुन्हा बंद करायला गेलात तर दरम्यान दुसऱ्या थ्रेडने त्याच क्रमांकावर उघडलेली फाइल बंद होते. अशी चूक क्वचितच होते, म्हणूनच ती शोधायला फार वेळ लागतो.

वेळही सारखी नसते. उत्तर न देणाऱ्या पत्त्याशी जोडणी करताना बीएसडी साधारण ७५ सेकंदांनी 'वेळ संपली' म्हणते, लिनक्स दोन मिनिटांहून थोडे अधिक थांबते. घाटघरसारख्या ठिकाणी, जिथे निरोप हरवणे रोजचेच, तिथे वेळेची मर्यादा कर्नलवर न सोडता प्रोग्रॅममध्येच ठरवलेली चांगली.

आकडा वेशीबाहेर पाठवू नये

सुरुवातीच्या प्रसंगातला खरा दोष मॅकचा नव्हता आणि लिनक्सचाही नव्हता. एका यंत्राचा खासगी आकडा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला पाठवला, हा दोष होता.

एनएफएस या जुन्या फाइल-वाटप पद्धतीने यावर काढलेला मार्ग शिकण्यासारखा आहे. तिच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत चुकांची यादी त्या पद्धतीची म्हणून ठरवून दिली आहे. जुना संदर्भ निकामी झाला, याचा क्रमांक तिथे ७०. सन कंपनीच्या तेव्हाच्या युनिक्सवरही तो ७० च होता, त्यामुळे तिथे काही बदलावे लागले नाही. लिनक्सवर तीच चूक ११६ आहे. म्हणून लिनक्सचा एनएफएस प्रोग्रॅम एक तक्ता बाळगतो, बाहेरून आलेला ७० आत घेताना ११६ करतो. भाषांतर होते ते वेशीवर, आतल्या कोणालाही बाहेरचा आकडा दिसत नाही.

आपल्या प्रोग्रॅमनेही हेच करावे. बाहेर पाठवायचे ते स्वतः ठरवलेले शब्द : 'नाकारली', 'वेळसंपली', 'वाटनाही'. मूळ आकडा टाकून देऊ नये, तपासाला तो लागतो. पण सोबत ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर यांचे नाव नोंदवावे. कर्नलच्या संदेशाचा मजकूर जुळवून निर्णय घेणेही टाळावे, कारण तो प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळा असतो आणि भाषेच्या सेटिंगप्रमाणेही बदलतो.

पुढे काय करायचे, त्यावरून गट

शेकडो नावे, त्यांची शेकडो वागणी. प्रत्येकासाठी वेगळी वाट लिहू गेल्यास प्रोग्रॅमचे जंगल होते. अनुभवी प्रोग्रॅमर म्हणून चुकांचे गट पाडतात ते कारणावरून नव्हे, तर आता काय करायचे यावरून. चार गट पुरतात.

पहिला, लगेच पुन्हा मागणी करायची. वाचताना किंवा लिहिताना आलेले 'ईइंटर' यात येते. जोडणी करताना आलेले 'ईइंटर' मात्र यात येत नाही. तिथे जोडणीचे काम मागे चालूच असते, म्हणून पुन्हा मागणी न करता सॉकेट तयार होईपर्यंत थांबायचे आणि मग निकाल विचारायचा.

दुसरा, कर्नल सांगेपर्यंत थांबायचे. 'ईअगेन', 'ईवुडब्लॉक' आणि न थांबणाऱ्या जोडणीतले 'ईइनप्रोग्रेस' ही नावे चूक दाखवत नाहीत, काम चालू आहे एवढेच सांगतात.

तिसरा, ही जोडणी सोडायची आणि काही वेळाने नवी करायची. नाकारली, वेळ संपली, वाट नाही, समोरून तोडली, हे सगळे इथे. दर वेळी थांबण्याचा काळ वाढवायचा आणि त्यात थोडी अनियमितता ठेवायची. नाहीतर टॉवर परत सुरू होताच पट्ट्यातल्या सगळ्या पेट्या एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात.

चौथा, माणसाला सांगायचे. उघडलेल्या फाइलींची मर्यादा संपली, चुकीचा सॉकेट दिला, चुकीचा पत्ता दिला, यांत पुन्हा प्रयत्न करून काही साधत नाही. फाइलींची मर्यादा संपलेली असताना सर्व्हर न थांबता जोडण्या स्वीकारायचा प्रयत्न करत राहिला, तर तो काम काहीच करत नाही आणि प्रोसेसर मात्र पूर्ण खातो.

यादीत नसलेली चूक आली तर? ती तिसऱ्या गटात टाकावी, पण प्रयत्नांना मर्यादा घालावी आणि नोंद ठळक करावी. पुढचा कर्नल कोणते नवे नाव देईल, ते आज कोणालाच माहीत नसते.

नव्या भाषांनी यातले बरेच ओझे उचलले आहे. २०१२ च्या पायथन ३.३ मध्ये नाकारलेल्या, तुटलेल्या आणि वेळ संपलेल्या जोडणीसाठी वेगवेगळे अपवाद आले. पायथन ३.५ पासून 'ईइंटर' आल्यावर भाषाच पुन्हा मागणी करते. पण पर्जन्यमापकाच्या पेटीत, राउटरमध्ये, मीटरमध्ये आजही सी आहे, आणि तिथे चुकांच्या गटांचा हा तक्ता आपल्यालाच लिहावा लागतो.

लिहिल्यावर तो पारखणेही सोपे आहे. कोणी ऐकत नसलेल्या पोर्टशी जोडणी करा, म्हणजे 'नाकारली' मिळेल. फायरवॉलला निरोप मुकाट्याने टाकून द्यायला सांगा, म्हणजे 'वेळ संपली' मिळेल. चालू जोडणीत समोरचा प्रोग्रॅम मारून टाका आणि लिहीत राहा, म्हणजे 'ईकॉनरीसेट' किंवा 'ईपाइप' मिळेल. हे तीन प्रयोग लिनक्सवर, फ्रीबीएसडीवर आणि हाताशी असेल तर मॅकवर करा आणि तिन्हीकडे प्रोग्रॅम एकच निर्णय घेतो का ते बघा. आकडे वेगळे येऊ देत, निर्णय एकच आला पाहिजे.

तुम्ही लिहिलेला एखादा नेटवर्कचा प्रोग्रॅम कुठे चालत असेल, तर आज त्याच्या मजकुरात 'एरनो' शोधा. त्याच्या शेजारी १११, ६१, ११ असा नुसता आकडा दिसला, तर तो खोडून तिथे नाव लिहा. प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर न्यायची वेळ येईल, तेव्हा हे काम आधी झालेले असावे.